बाईंनी खोडलेला शब्द

पिंगळे बाई दर दिवाळीच्या सुट्टीत एकट्याच एसटीनं कोकणात जायच्या आणि येताना लोणच्याच्या बरण्यांतून गोगलगायी आणायच्या. समुद्रातल्या, शंखवाल्या. घरचे नाशिकजवळ मखमलाबादला द्राक्षं पिकवणारे. "बाईला याड लागलंय" म्हणत त्यांनी बाईंचा नाद सोडला होता. कॉलेजात त्या आम्हाला प्राणिशास्त्र शिकवायच्या. शिकवताना भाषा अगदी पुस्तकी, पण चिडल्या की थेट मळ्यातली.

एकदा त्यांनी भिंगाखाली कोकणातल्या एका बंदरातली मादी गोगलगाय दाखवली. तिला चक्क नराचं इंद्रिय फुटलं होतं. आम्ही खी खी करून हसलो. बाई कडाडल्या, "हसता काय रं? तिची अंडी बाहेर पडायची वाटच बंद झालीय. आतल्या आत मरती ती!" होडीच्या बुडाला शिंपले चिकटू नयेत म्हणून जो विषारी रंग लावतात, त्यावर बाईंचा संशय होता.

पुढे मी अंबडच्या एका रंगाच्या कारखान्यात केमिस्ट म्हणून लागलो. आम्ही नेमका तोच रंग बनवायचो आणि तो त्याच बंदरावर जायचा. पेढे घेऊन गेलो, तर बाईंनी दारातच विचारलं, "तुमच्या रंगात कथिलाचं विष असतं का रं? खरं सांग."

होतं. मी स्वतःच्या हातानं मोजून घालत होतो. पण नुकताच कायम झालो होतो, आतलं बाहेर सांगणार नाही असं लिहून दिलं होतं. मी म्हणालो, "छे हो बाई, तसलं काही नाही."

बाईंनी वही काढली आणि कारणांच्या यादीतला 'रंग' हा शब्द माझ्यासमोर खोडला. "माझा विद्यार्थी सांगतोय, मग झालं," म्हणाल्या. भिंगाशिवाय कशावर विश्वास न ठेवणारी ही बाई! पुढची कितीतरी वर्षं त्या बंदरात येणाऱ्या गटारांचं पाणी तपासत बसल्या.

नोकरी बदलल्यावर मी एकदाचं सांगून टाकलं. वाटलं, थोबाडीत देतील. द्यायला हवी होती. बाई म्हणाल्या, "मला फसवलं त्याचं काय नाय रं. पण मी तिथल्या कोळ्यांना सांगून आले ना, रंगाला भिऊ नका म्हणून! उघड्या हातानं लावतात ते." गुडघे गेल्यामुळे त्यांना उंबराही ओलांडवत नव्हता. "तू जा. माझी चूक झाली म्हणून सांग." चूक माझी, आणि त्या स्वतःची म्हणत होत्या.

मी 'जातो, जातो' करत राहिलो. काय तर म्हणे, रजा नव्हती! शेवटी पोचलो तो बाई गेल्यानंतर. धक्क्यावर एक म्हातारा कोळी होडीला रंग लावत होता. कोपरापर्यंत हात माखलेले. मी त्याला सगळं सांगितलं. त्यानं हात न थांबवता ऐकून घेतलं.

"नाशिकच्या बाई सांगून गेल्या, रंगात काय नाय," तो म्हणाला. "त्या कधी खोटं बोलायच्या नाय. तुम्ही कोण?"