टेमघरच्या मामांचा थर्मामीटर

या जगात मी सगळ्यात जास्त कोणाचा ऋणी असेन तर टेमघरच्या मामांचा. आणि आपला चालता धंदा आपल्याच हाताने, पूर्ण शुद्धीत बुडवणारा असा दुसरा माणूस भिवंडी तालुक्यात झाला नसेल. ते माझे सख्खे मामा नव्हेत. परदेशातून बंदरात येणाऱ्या मालाचे कस्टम्सचे कागद करून देणारे ते एजंट. मानकोली नाक्यावर टायरच्या दुकानाच्या माळ्यावर त्यांचं ऑफिस होतं. आमच्या घरात पदवीधर झालेला मी पहिला. बाबा सुताला खळ लावणाऱ्या सायझिंगच्या कारखान्यात कामाला. मुलाखतीला गेलो तेव्हा मला इंग्रजी बोलता येत नाही हे मी घाबरून आधीच सांगून टाकलं. मामा म्हणाले, “माल तरी कवा बोलतो? बस.” मी बसलो, तो पाच वर्षं बसलो.

आमचं काम म्हणजे आलेली वस्तू नक्की काय आहे हे ठरवून सरकारी दरपत्रकातला तिचा आकडा लिहिणं. आकडा बदलला की कर बदलतो, त्यामुळे आपली वस्तू दुसरीच काहीतरी निघावी अशी माल मागवणाऱ्या प्रत्येक पार्टीची मनापासून इच्छा असते. बाकीचे एजंट माहितीपत्रक वाचून आकडा लिहीत. मामा वस्तू स्वतः वापरून बघत. मसाजची खुर्ची आली तेव्हा ती यंत्र की फर्निचर हे ठरवायला ते जेवून तिच्यात बसले आणि घोरायला लागले. संध्याकाळी उठून म्हणाले, “कंबर हाय तशीच दुखतं, पन झोप झ्याक लागली. फर्निचर!” पुढे कस्टम्सने ते मानलं नाही, ही गोष्ट वेगळी. मुलांचे वॉकीटॉकी आले तेव्हा एक मामींच्या हाती देऊन ते गच्चीवर गेले आणि तिथून चहा मागितला. चहा आला. मामा थक्क झाले. “हाक मारून जो चहा कधी येत न्हाय तो आला. ह्याला खेळनं कोन म्हनंल?” परदेशी कुत्र्यांची बिस्किटंसुद्धा त्यांनी चाखली होती. त्यांत मीठ कमी होतं.

मग ते उष्णता टिपणारे कॅमेरे आले. आमची सगळ्यात मोठी पार्टी म्हणजे मानकोलीचे एक गोदामवाले शेठ. आमचं निम्मं ऑफिस त्यांच्यावर चाले. शेठ म्हणाले, हा तापमान मोजणारा थर्मामीटर आहे. थर्मामीटरवर कर कमी, कॅमेऱ्यावर जास्त. मामांनी रिवाजाप्रमाणे नमुना मागवून टेबलावर मांडला. चहाकडे धरला, पडद्यावर आकडा उमटला. खालच्या टायरवाल्याच्या टकलाकडे धरला, तिथेही उमटला. मग माझ्याकडे वळवून ओरडले, “तुझी नाकाची बोंडी गार हाय रं, जेवला न्हायस?” मी खरंच जेवलो नव्हतो. मामांनी अर्धी भाकरी माझ्यापुढे सरकवली, दुसऱ्या अर्धीचं तापमान घेतलं आणि लिहिलं : थर्मामीटर. माल सुटला.

काही महिन्यांनी दुसऱ्या कामासाठी आम्ही त्या गोदामात गेलो. कुंपणाच्या भिंतीवर ओळीने तेच कॅमेरे बसवलेले. वॉचमनच्या केबिनमध्ये टीव्ही चालू, त्यावर काळ्याशार झाडीत एक पांढराफेक माणूस उकिडवा बसलेला. वॉचमन खिदळत होता, “देखो चाचा, झाडी के पीछे बैठा है, सोचता है कोई नहीं देखता.”

मामांनी विचारलं, “उसका टेम्परेचर कितना?”

“टेम्परेचर किसको चाहिए, चाचा? वो नंबर तो पहले दिन ही बंद करवा दिया. आदमी दिखना चाहिए, बस.”

मामा मटकन स्टुलावर बसले. त्यांचा चेहरा असा पडलेला मी कधी पाहिला नव्हता. बाहेर येऊन एवढंच म्हणाले, “आपन चहा बघितला रं. मानूस बघाय पायजे होता.”

मला वाटलं, संपलं. पण मामा तिथूनच सरळ शेठकडे गेले आणि हा कॅमेराच आहे, आपला आकडा चुकला, कस्टम्सला कळवून उरलेला कर भरू या, म्हणाले. शेठ हबकलेच. “मामा, सुटलेला माल उकरताय? कोणी विचारलंय का तुम्हाला?”

“अजून न्हाय. म्हनून तर आज जातंय.”

आणि खरोखर गेले. मी मागे फाईल घेऊन. कस्टम्सच्या साहेबांनी अर्ज दोनदा वाचला, दाराबाहेर आणखी कोणी आहे का ते पाहिलं आणि हळूच विचारलं, “तुमचं कोणाशी भांडण झालंय का?” शेवटी कर व्याजासकट शेठकडून भरून घेतला, मामांना नुसती समज मिळाली, एजंटचा परवाना वाचला. पण शेठने काम काढून घेतलं आणि नाक्यावर बातमी पसरवली, की हा माणूस स्वतःवरच तक्रार करतो, तुम्हाला काय सोडणार! एकेक पार्टी गेली. मी रडकुंडीला आलो, तर मामा मलाच पनवेलच्या एका एजंटकडे चिकटवून आले आणि ऑफिसला कुलूप लावून टेमघरला घरी बसले. फोन केला तर “हाय, बरा हाय” म्हणून ठेवून देतात. म्हणून आज पत्र पाठवलं :

“ती. मामांना सा. न.

माझा परवाना आला. मानकोलीलाच छोटा गाळा घेतला आहे. बाबा रोज येऊन झाडतात, नको म्हटलं तरी ऐकत नाहीत. पहिल्या दिवशी एक पार्टी आली. त्यांनी विचारलं, ‘स्वतःवर तक्रार करणाऱ्या त्या म्हाताऱ्याकडेच शिकलात ना?’ मी हो म्हटलं. ते चहा टाकून उठून गेले. काल दुसरे आले. त्यांनीही तेच विचारलं. मी परत हो म्हटलं. हे मात्र उठले नाहीत. चहा संपवून म्हणाले, ‘ते हल्ली बसतात कुठे?’

मामा, काय सांगू त्यांना? ते सोमवारी परत येणार आहेत.

तुमचा,
महेश”