कोरा चौक

जेवंतीबाई कुठल्याही खोलीत शिरल्या, की आधी भिंतीवर तळहात फिरवायच्या आणि मग माणसांकडे बघायच्या. सुरतेतल्या आमच्या मराठी शाळेत त्या चित्रकला शिकवायला आल्या, तेव्हा मला वाटलं, बाई ओल शोधतायत. मी गणिताचा मास्तर, माझी समज तेवढीच. "भिंतीशी आधी ओळख करून घ्यावी, गुरुजी," त्या म्हणाल्या.

त्या उंबरगावकडच्या वारली. व्हरांड्याची भिंत गेरूनं सारवून त्यांनी लूम कामगारांच्या पोरांकडून तांदळाच्या पिठानं झाडं, कोंबड्या, तारपा वाजवणारा आणि त्याच्याभोवती नाचणारी माणसं काढून घेतली. कुणाची रेघ वाकडी गेली तर म्हणायच्या, "असू दे, माणूस नाचतोयच ना!" मधोमध नक्षीदार चौक काढला. तो मात्र आतून कोराच ठेवला.

मी विचारलं, तर म्हणाल्या, "तिथं पालघट देवी बसते. पण ती लग्नात. इथं कुणाचं लग्न आहे?"

"अहो, पण हे चित्रच आहे ना?"

"तुमच्यासाठी," त्या हसून म्हणाल्या. मी गोंधळलो तो तिथपासून.

शाळा बघायला पाहुणे यायचे होते. हेडसर चिडले. "अर्धवट भिंत दाखवू त्यांना? देवी काढा, नाहीतर उद्या सगळ्यावर चुना मारतो."

"मारा चुना," बाई म्हणाल्या. पोरं रडकुंडीला आली. एवढ्याशा जागेपायी पोरांच्या मेहनतीवर पाणी सोडायचं? मला बाईंचं पटेना, सरांचंही पटेना.

तेवढ्यात सातवीतली वैशाली पुढे आली. ती खानदेशातली, घरी अहिराणी बोलणारी. "सर, आमनी कानबाई श्रावणमाज येस. आते कशी बसाडशात?"

हेडसरही धुळ्याकडचे. त्यांच्या घरीही कानबाई देवी बसायची, ती श्रावणातच, एरवी कधी नाही. ते वैशालीकडे बघत राहिले आणि मग ऑफिसात गेले. चुना काही आला नाही.

गेल्या उन्हाळ्यात बाई गेल्या. फार हळहळ वाटली. आता पोरांना घेऊन ती भिंत मीच सारवतो. देव मी मानत नाही, तरी चौकात पीठ भरायला हात धजत नाही. का, ते स्वतःलाही सांगता येत नाही.

परवा एका नव्या पोरीनं विचारलं, "गुरुजी, इथं कोण येणार आहे?"

मी भिंतीवर तळहात फिरवला. "येईल," म्हटलं, "तिच्या वेळेला."

कोण, ते मला विचारू नका.