त्याच घराण्यातली पावडर

चाकणच्या एमआयडीसीतल्या एका लहानशा प्रयोगशाळेत मी औषधांचे परिणाम उंदरांवर तपासते. मध्यंतरी आमच्याकडे एक पावडर आली होती. डायझेपाम, म्हणजे झोपेच्या गोळीतलं नेहमीचं औषध; त्याच्या रेणूला क्लोरीनचा एक अणू जादा जोडला की ही पावडर, बाकी सगळं तेच. पण तेवढ्याने कारभार उलटा होतो. डायझेपाम मेंदूत ज्या जागी बसून माणसाला शांत करतं, तिथे ही जवळपास बसतच नाही. हिची जागा वेगळी, पेशीतल्या मायटोकॉन्ड्रियावरची. त्या जागेचा अभ्यास करायलाच ती वापरतात, औषध म्हणून कुणालाही देत नाहीत. डोस वाढला की उंदीर बिथरतो आणि मग त्याला झटके येतात.

आमचं स्टोअर सांभाळणारे काका राजगुरुनगरजवळच्या गावातले. एका सकाळी बाटली माझ्यापुढे ठेवताना त्यांनी लेबलवरचं, 'डायझेपाम'ने संपणारं नाव अडखळत वाचलं. "मॅडम, ही झोपंच्या गोळीतलीच हाय व्हय?"

"हो, त्याच घराण्यातली," मी स्क्रीनवरून नजर न काढता म्हणाले.

दुसऱ्या दिवशी दुपारी चारला मी बाटली तोलली. लेबलवर लिहून ठेवलेल्या वजनापेक्षा ती हलकी भरली. काटा शून्यावर आणून पुन्हा तोलली. तरी तेच. मग एकदम आठवलं, त्याच आठवड्यात काका चहा पिताना म्हणाले होते, घरच्या बाईला महिनाभर झोप नाही. काकांची शिफ्ट साडेतीनलाच सुटली होती. फोन लावला, वाजत राहिला.

मी ॲप्रनसकट स्कूटर काढली. चौकात कंटेनर आडवा झाला होता, पुढे काहीच सरकत नव्हतं. गटाराच्या कडेने स्कूटर ढकलत मी पुढे काढली. एवढीशी पावडर माणसाला काय करील, याचं उत्तर मला ठाऊक नव्हतं. उंदरांचं तेवढं ठाऊक होतं. सारखे तेच डोळ्यांपुढे येत होते.

काकांचं घर विचारत विचारत पोचले. दारातूनच ओरडले, "काका, ती पावडर दिली का काकूंना?"

ते उभेच राहिले. त्यांची नजर फळीकडे गेली. मागून काकू बाहेर आल्या. डोळ्यांखाली काळं झालेलं, पण पाय जमिनीवर नीट पडत होते.

"न्हाई घेतली," त्या म्हणाल्या. "मी इचारलं, डाक्टरनं दिली का? तर ह्ये गप. मंग म्हटलं, कागदातलं औषिद मी न्हाई घेत."

पुडी फळीवर तशीच होती. मी ती मुठीत घट्ट धरली आणि ओट्यावर बसले.

"ती झोपेची नाही, काका. तिने झटके येतात."

"तुमीच म्हणाला व्हता, त्याच घराण्यातली," ते हळूच म्हणाले. त्यांच्या आवाजात तक्रार नव्हती, म्हणून ते जास्त लागलं.

"माझं चुकलं," मी म्हणाले.

दुसऱ्या दिवशी मी साहेबांना सगळं सांगितलं, माझं ते वाक्यसुद्धा. मला लेखी समज मिळाली. काकांना काढून टाकलं. मी भांडले, म्हटलं चूक अर्धी माझी आहे. साहेब म्हणाले, "तुम्ही बोललात, त्यांनी उचललं. दोन्ही सारखं नाही."

त्याच आठवड्यात मी काकूंना राजगुरुनगरच्या डॉक्टरांकडे घेऊन गेले. डॉक्टरांनी बराच वेळ विचारपूस केली. तेव्हा काकूंनी सांगितलं, महिन्यापूर्वी त्यांची बहीण झोपेतच गेली होती. तेव्हापासून आडवं व्हायचीच भीती वाटत होती. हे त्या घरात कुणाशीही बोलल्या नव्हत्या. काका शेजारच्या खुर्चीवर होते. त्यांनी बायकोची पिशवी आपल्या मांडीवर घेतली.