रोह्यात दिलेलं उत्तर

पेणला रामवाडीच्या स्टँडवर उतरले तेव्हा ऊन चढलं होतं. तिथून रोह्याची एसटी पकडली. कॅन्सरचं औषध सूक्ष्म कणांत भरून थेट गाठीपर्यंत कसं पोचवायचं, यावर मी पुण्याच्या एका विद्यापीठात संशोधन करते. रोह्याजवळच्या एका फार्मसी कॉलेजात त्यावरच बोलायचं होतं. नागोठण्यापुढे भातखाचरं लागली, मग कुंडलिकेचं संथ पाणी, आणि वाऱ्याबरोबर धाटावच्या कारखान्यांचा उग्र वास.

व्याख्यान रंगलं. उंदराची गाठ आकसत गेल्याची चित्रं दाखवली तेव्हा मुली बाकांवर पुढे सरकल्या. शेवटी मागच्या बाकावरून एक बाई उठल्या. डोक्यावरून पदर घट्ट ओढलेला. दर्शना नावाच्या विद्यार्थिनीची आई. पेणच्या खाडीकाठच्या मिठागरात राबलेल्या.

"ता औषद माना कवा भेटंल?"

आमचं काम उंदरांपलीकडे गेलेलं नाही. पण प्राचार्य कौतुकानं पाहत होते, मुली पाहत होत्या.

"लवकरच," मी म्हणाले. टाळ्या पडल्या.

परतीच्या एसटीत मायलेकी शेजारीच बसल्या. आईंनी डबा उघडून तांदळाच्या भाकरीवर बिरडं (सोललेल्या वालांची उसळ) घातलं आणि माझ्या हातात दिलं.

"मंगलवारची केमोची सुई आता नाय घेत," त्या सुखानं म्हणाल्या. "लय तरास होतो गो. तुजा औषद येईपरत थांबतंय."

मी घास परत भाकरीवर ठेवला. "नका थांबू," मी म्हणाले. "ते औषध अजून कुणा माणसाला दिलेलंच नाही. कधी येईल, येईल की नाही, मलाही माहीत नाही. तुमची सुई चुकवू नका."

"मंग लवकर येल असा का सांगलास?"

"सगळे बघत होते," एवढंच मला बोलता आलं. शरमेनं मान वर होईना.

त्या खिडकीकडे वळल्या. दर्शनानं डब्याचं झाकण लावलं. रामवाडीला उतरल्यावर मात्र आई थांबल्या. "जाईन मी मंगलवारी. पन त्या पोरींना बी सांग. त्यांच्या घरात बी कुनी आजारी असंल."

पुण्याला पोचताच प्राचार्यांना फोन लावला.

"मॅडम, मुली अजून तुमच्याबद्दलच बोलताहेत!"

स्तुती ऐकताना चेहरा असा कधी जळला नव्हता. इतकी वर्षं शिकवतेय. खरं बोलायला सर्वांत कठीण जागा व्यासपीठ असते, हे त्या प्रवासानं दाखवलं. "सर, मला परत यायचंय," मी म्हणाले. "एका प्रश्नाचं मी खोटं उत्तर दिलं."

ते जरा घुटमळले. "त्यासाठी एवढ्या लांब कशाला? मला सांगा, मी वर्गात कळवतो."

"नको सर. मुलींसमोर उभी राहून मीच सांगते."