पुढच्या दोन खुर्च्या

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, आईला नाही, आणि जिच्या बाबतीत हे घडलं तिला तर नाहीच नाही. आता सांगतेय ते मन हलकं करायला, असंही समजू नका — त्या मन हलकं करण्याच्या प्रकाराचाच मला राग येतो. सांगणारा मोकळा होतो आणि ऐकणाऱ्याच्या डोक्याला ताप. तरी सांगते. ऐकायचं नसेल तर पान उलटा, तुमची मर्जी.

आधी माझं काम सांगावं लागेल, कारण ते कुणाला धड कळत नाही. टीव्हीवर गावोगाव फिरणारा बायकांचा एक खेळ लागायचा, संध्याकाळी, जेवणाच्या जरा आधी. बायका खेळायच्या, निवेदक पाचकळ विनोद करायचा, कुणाला कुकर मिळायचा, कुणाला आणखी काही. आता कितव्या पायरीवर कुठलं बक्षीस, बाईला कुठं थांबता येईल, हरली तर कुठवर खाली यायचं — हे कुणीतरी बसून ठरवतंच ना? ते मी ठरवायचे. वाडीतल्या लोकांना अजून वाटतं, मंगल टीव्हीत दिसते. कुठली दिसतेय! मी तक्ते करते. कोथरूडमधल्या एका फ्लॅटचं ऑफिस केलंय, तिथं बसून तक्ते.

आणि तो तक्ता जमवणं म्हणजे वैताग असतो. सोपा केला तर रोज सगळ्याच जिंकतात. बघणाऱ्याला मजा नाही आणि बक्षिसं पुरत नाहीत. अवघड केला तर रोज एक बाई डोळे पुसत घरी जाते, आणि ताट समोर असताना रडणारी बाई कुणाला बघायचीय? मधलं काहीतरी लागतं. कधीतरी जिंकावी, बऱ्याचदा थोडक्यात हुकावी, आणि हुकली तरी हातात काहीतरी असावं. याला आम्ही समतोल म्हणायचो. ऐकायला किती बरं वाटतं — नाही? मला आता तो शब्द ऐकला तरी चिडायला होतं.

माझा पहिला तक्ता साधा होता. स्टीलचे डबे, मग कुकर, मग मिक्सर, चौथ्या पायरीवर घरघंटी, म्हणजे घरातल्या घरात दळायची छोटी गिरणी, आणि पाचव्या, शेवटच्या पायरीवर मोटरसायकल. दर पायरीला एखादा प्रश्न नाहीतर छोटासा खेळ, आणि तो जमला की बाईला विचारायचं, थांबता की पुढं जाता? थांबली तर हातातलं बक्षीस तिचं. पुढं जाऊन हरली तर सरळ खाली, कुकरवर. कागदावर झकास दिसत होतं. आणि झालं काय? बायका चौथीवर थांबायला लागल्या. एकजात सगळ्या! निवेदक म्हणायचा, विचार करा ताई, समोर गाडी आहे. बाई पदर खोचून म्हणायची, केला विचार, घंटी द्या. संपला कार्यक्रम. हार घातलेली मोटरसायकल एका गावातून दुसऱ्या गावात टेम्पोत चढत-उतरत राहिली.

चॅनेलवाले भडकले. खेळात जीव नाही म्हणाले, कुणी धोकाच पत्करत नाही म्हणाले. बायका शहाण्या निघाल्या हा माझ्या कामातला दोष ठरला. मी आठवडाभर आकडे खालीवर केले, खाली यायची पायरी बदलून पाहिली. काही होईना. आणि मग एका दुपारी मला सुचलं. कसं सुचलं — तिथंच सगळी घाण आहे. तिथं जायला मला जरा वेळ लागतोय, चालवून घ्या.

आमची वाडी तोरण्याच्या पायथ्याला, वेल्ह्यापासून पाऊण तास चालत. लहानपणी बाजाराच्या दिवशी आई मला घेऊन वेल्ह्याला जायची. वर्षातून एकदा साडीच्या दुकानात. वडील आत यायचे नाहीत; बाहेर पायरीशी कुणाशीतरी बोलत उभे राहायचे. आई अर्धा तास साड्या बघायची, एखादी तिच्या मनात भरायची, ती खांद्यावर लावून बघायची — आणि मग दाराकडं बघायची. वडील मान हलवायचे. एवढीशी. नाहीतर हनुवटीनंच दुसरी दाखवायचे. आई हातातली साडी घडी करून परत ठेवायची. तिला काय हवं होतं ते दुकानदाराला कळायचं, मला कळायचं. मी आठ-नऊ वर्षांची असेन, पण मला त्या मानेचा असा संताप यायचा की घरी येईपर्यंत मी कुणाशी बोलायचे नाही.

तर मोठी झाल्यावर मी त्या संतापाचं काय केलं? तक्त्यात घातला.

मीटिंगमध्ये म्हटलं, प्रश्न बदलू नका, बक्षिसं बदलू नका. फक्त पुढं दोन खुर्च्या मांडा. एकीवर नवरा, एकीवर सासू. चौथी पायरी झाली की बाईला अर्धं मिनिट द्या. तिनं घरच्यांचा कौल घ्यायचा आणि मग काय ते सांगायचं. 'घरचा कौल' हे नावसुद्धा माझंच. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. किती घरगुती वाटतं म्हणाले! त्या खोलीत बसलेल्यांपैकी कुणाला कळलं नव्हतं की या खुर्च्या काय करणार आहेत. मला कळलं होतं. बाईला हवं ते चौथीवर, गड्याला हवं ते पाचवीवर, आणि मध्ये दोन खुर्च्या. पहिल्याच गावापासून तक्ता चालायला लागला. बाई खुर्च्यांकडं बघायची, हनुवटी वर व्हायची, बाई पुढं जायची. बहुतेक हरायच्या, एखादी जिंकायची. समतोल! माझा पगार वाढला, खिडकीजवळचं टेबल मिळालं.

इथपर्यंत तुम्ही म्हणाल, नोकरी होती, काय करणार. मीही तसंच म्हणायचे. मग खेळ वेल्ह्याला आला.

आमच्या शेजारी सुमनवहिनी राहते. आई शेतावर असली की मी तिच्याकडं जेवायचे. दहावीच्या परीक्षेला माझ्या वेण्या तिनं घातल्यात. वाडीत गिरणी नाही. नाचणीचं गाठोडं डोक्यावर घेऊन ती वेल्ह्याला जाते, लाईट नसली तर गिरणीच्या ओट्यावर बसून राहते, आणि कधीकधी तेच धान्य तसंच डोक्यावर घेऊन परत येते. तिचं नाव खेळाच्या यादीत आलं तेव्हा तिनं मला फोन केला. आमचं नातं नाही, त्यामुळं आमच्या नातलगांना खेळता येत नाही या नियमाची अडचण नव्हती. प्रश्न सांग असं ती म्हणाली नाही हो! तिनं फक्त सांगितलं की पडवीतला कोपरा मोकळा केलाय. वायरमनला बोलावून खाली, जमिनीलगत, घंटीसाठी प्लगही बसवून घेतलाय. वाडीतल्या बाया तिच्याकडंच दळायला येतील. चौथीवर थांबायचं, तिचं ठरलं होतं.

तेव्हा एक वाक्य बोलायचं होतं. दत्तूदादाला — तिच्या नवऱ्याला — आधीच सांगून ठेव, खुर्चीत बसून मान हलवू नको म्हणून. बस, एवढंच. ते सांगू नये असा कुठलाही नियम नव्हता. नियम मीच लिहिले होते, मला माहीत नसेल तर कुणाला? पण ते सांगायचं म्हणजे खुर्च्या कशाला मांडल्यात ते सांगायचं. मी म्हटलं, वहिनी, छान खेळ. आणि फोन ठेवला.

शाळेच्या मैदानावर शूटिंग होतं. वहिनी ठेवणीतली साडी नेसून आलेली. पहिल्या चार पायऱ्या तिनं अशा काही ओलांडल्या की निवेदकाचे विनोद बंद पडले. त्यानं विचारलं, थांबता का? ती म्हणाली, थांबते. स्पष्ट म्हणाली, माइकमध्ये! आणि निवेदक तक्त्याप्रमाणं म्हणाला, आधी घरचा कौल घ्या.

ती वळली. दत्तूदादा वाईट माणूस नाही, हे मला सांगायलाच हवं. पीत नाही, मारत नाही. पण त्याच्या मागं अख्खा गाव ओरडत होता, गाडी गाडी, आणि ती गाडी त्याच्यापासून चार पावलांवर उभी. त्याची हनुवटी वर झाली. सासूनं त्याच्याकडं पाहिलं आणि तिनंही मान डोलावली. पण वहिनी लगेच निवेदकाकडं वळली नाही. तिनं मला शोधलं. मी कॅमेऱ्याच्या बाजूला, हातात तक्ता घेऊन उभी होते, चार हातांवर. तिनं माझ्याकडं बघितलं, आणि ते बघणं मी ओळखत होते — खांद्यावर साडी लावून आई दाराकडं बघायची ना, तसंच. मी नुसती मान हलवायची होती. नको, एवढीच. कुणाला दिसलंही नसतं. आणि दिसलं असतं तरी काय आभाळ कोसळणार होतं? मी खाली कागदाकडं बघितलं. काहीतरी तपासतेय असं दाखवत. तिथं 'पायरी पाच' असं लिहिलं होतं, मी ते दोन-तीनदा वाचलं. वर पाहिलं तेव्हा ती पुढं गेलेली होती.

पाचव्या पायरीचा खेळ होता एका मिनिटात अकरा सुयांत दोरा ओवण्याचा. तोही मीच सुचवलेला. ऑफिसातल्या विशी-पंचविशीच्या मुलींनी तो हसत केला होता. वहिनी पंचेचाळीस ओलांडलेली, चष्मा कधी केलाच नाही. सात सुया झाल्या आणि घंटा वाजली. तिच्या हातात कुकर दिला, लोकांनी टाळ्या वाजवल्या.

आम्ही निघायच्या आधी ती गाडीपाशी आली. माझ्यासाठी फडक्यात भाकरी आणि ठेचा बांधून आणला होता. म्हणाली, "मंगल, म्या थांबायला पायजे व्हतं, न्हाई?"

मी म्हटलं, "नशिबाचा खेळ असतो गं वहिनी."

नशीब! आठवडाभर बसून त्या तक्त्यातून मी जी एक गोष्ट काढून टाकली होती, तीच तिच्या पदरात टाकली. भाकरी घेतली. खाल्लीसुद्धा, खेड-शिवापूरच्या अलीकडं.

याला सहा वर्षं झाली. वाडीत अजून म्हणतात, सुमननं गाडी घालवली. दत्तूदादा लग्नकार्यात चारचौघांत सांगतो, हिच्या हातून सुया ओवल्या गेल्या न्हाईत म्हणून. त्याची हनुवटी कुणाला आठवत नाही, त्यालाही नाही. वहिनीसुद्धा हसते, माझेच हात कापले म्हणते. ती खरंच तसं मानते. दुसऱ्या कशाचा नाही इतका मला याचा त्रास होतो, आणि तो त्रास होऊन उपयोग काय? मी गप्पच आहे.

आईनं तो कार्यक्रम टीव्हीवर पाहिला होता. पुढच्या खेपेला मी घरी गेले तेव्हा पालेभाजी निवडत बसली होती. मान वर न करता म्हणाली, "त्या खुर्च्या कुनी मांडल्या गं तितं?" मी म्हटलं, चॅनेलवाल्यांनी. ती भाजी निवडत राहिली.

तुम्ही म्हणाल, मग घेऊन दे की तिला एक घरघंटी, आता कमावतेस. मला सुचलं नसेल का? भोरच्या एका दुकानात जाऊन मी ती पसंतही केली होती. दुकानदार पत्ता लिहून घ्यायला लागला आणि मी काहीतरी निमित्त सांगून बाहेर आले. दिली असती तर तिनं विचारलं असतं, का गं? आणि वाडीनं माझं कौतुक केलं असतं, मंगलनं बघा कसं केलं शेजारणीसाठी. ते मला सोसलं नसतं — असं मी स्वतःला सांगते. खोटं आहे. 'का गं'ला मी घाबरले. दुसरं काही नाही.

गेल्या महिन्यात वाडीला गेले होते. मोबाईल बंद पडायला आला होता, मी वहिनीच्या पडवीत इकडंतिकडं बघत होते. वहिनी गाठोडं बांधत होती. म्हणाली, "हितं लाव की. हे बटन रिकामंच असतंय." कोपरा तसाच होता, मोकळा, सारवलेला. प्लग जमिनीलगत, इतका खाली की मला गुडघ्यावर बसावं लागलं. मी चार्जर लावला. ती म्हणाली, च्या उतरून ठेवलाय, घे, म्या दळून येते. गाठोडं डोक्यावर घेतलं आणि वेल्ह्याच्या वाटेला लागली.

मी तिथंच बसले. चहा प्यायले. मोबाईल पुरा चार्ज झाला तरी ती आली नव्हती. वेल्ह्यात लाईट गेली असणार.