वाकड्या शिवणीचा पट्टा

निम्मे कपडे दोरीवर, निम्मे बादलीत असतानाच वन्सं दारात येऊन उभ्या राहिल्या. खांद्याला पिशवी, चेहरा पांढराफटक. हातातली पिळलेली चादर मी तशीच टाकली.

माझ्या या नणंदेने दप्तरं, पिशव्या शिवून एकटीने संसार ओढला. वाकडी शिवण दिसली की त्यांची बोटं शिवशिवतात. माझ्या उशांचे अभ्रेसुद्धा मला न विचारता उसवून पुन्हा शिवलेत! त्यांची लेक मात्र मशीनवर बसली की टीप नागमोडी पळायची. तिने मैत्रिणींबरोबर शाळेच्या स्पर्धेसाठी रोबो बांधला. त्याची बॅटरी विटेसारखी जड. ती खाचेत बसवून वरून पट्ट्याने आवळायची. तो पट्टा पोरीनेच शिवला.

"ही टीप आहे की पायवाट?" वन्संनी विचारलं होतं.

"मामी, सांग गं हिला, रोबोला काही लग्नाला जायचं नाहीये!"

हिवाळ्यात तापाचं निमित्त झालं आणि पोर गेली. देवा, तुला तरी कसं बघवलं?

तिचा रोबो एकदा मैदानात शेवटपर्यंत धावावा, एवढंच वन्संचं मागणं उरलं होतं. तिच्या मैत्रिणी राबल्या. त्यांच्यातली चष्मिस म्हणाली, "काकू, टीप सुटत चाललीय. नवा पट्टा शिवून द्या ना."

जन्मात पहिल्यांदा वन्संनी वाकड्या शिवणीला हात लावला नाही. "तिच्या हातची आहे. राहू दे." पोरींनी तोच पट्टा पुन्हा आवळला.

आज स्पर्धा होती.

"काय झालं?" मी विचारलं.

"समोरच्या रोबोने धडक दिली, वहिनी. पट्टा उसवला. बॅटरी बाहेर येऊन वायरीला लोंबकळली. रोबो जागच्या जागी थंड. पोरी रडल्या, पण मला कुणी काही बोललं नाही. बोलल्या असत्या तर बरं झालं असतं."

मी पाणी दिलं. तोंडाने देवाचं नाव घ्यायला गेले, तर ओठच हलेनात.

"अजून एक फेरी आहे ना?"

"उद्या." त्यांनी पिशवीतून पट्टा काढून माझ्या ओल्या हातात ठेवला. "हा तुमच्या देवाजवळ ठेवा. माझ्याकडे राहिला तर मी पुन्हा हाच लावीन."

"मी येऊ सोबत?"

"नको. कपडे वाळत घाला आधी, वास मारतील."

डोळे पुसत त्या जिना उतरल्या, दुकानातून जाड पट्टी आणि बकल आणायला.