जुईचा पोंचो आणि मी बांधलेले पाय

डॉक्टरांनी एक्स-रे संगणकाच्या पडद्यावर मोठा केला आणि पेनाच्या टोकानं दाखवलं. "हा उजवा खुबा. गोळा खोबणीत आहे. आणि हा डावा. गोळा बाहेर, वर सरकलाय. हिचा डावा खुबा जागेवर नाहीच."

जुई तेव्हा सतरा महिन्यांची होती. माझ्या धाकट्या बहिणीची, वैशालीची मुलगी. आईच्या मांडीवर बसून माझ्या पर्सची चेन उघडझाक करत होती. तिला दुखत काहीच नव्हतं. चालताना डावीकडे झुकायची, एवढंच. आम्ही त्याला ठुमकणं म्हणायचो आणि व्हिडिओ काढायचो.

आजाराचं नाव डेव्हलपमेंटल डिस्प्लेझिया ऑफ द हिप, थोडक्यात डीडीएच. मांडीच्या हाडाचा गोळा आणि कमरेची खोबण एकमेकांत नीट बसून वाढलेली नसतात. बाळ सहा आठवड्यांचं असताना सोनोग्राफीत कळलं तर पट्ट्यांवर भागतं. सतराव्या महिन्यात पट्ट्यांवर भागत नाही.

मग डॉक्टरांनी विचारलं, "तान्ही असताना पाय सरळ करून दुपट्यात घट्ट बांधायचात का?"

वैशालीनं माझ्याकडे पाहिलं. आमची आई नाही, त्यामुळे तिचं बाळंतपण नवीन पनवेलला माझ्याच घरी झालं. सिझेरियन, टाके पिकलेले, वर ताप. पहिले तीन महिने बाळाचं सगळं मीच केलं होतं.

मी म्हणाले, "मालिशला बाई यायच्या. त्यांनी बांधले असतील."

हे वाक्य कागदावर लिहायला मला दीड वर्ष लागलं.

खरं असं होतं. मालिशला यायच्या त्या सुकापूरच्या सुगंधाबाई. तेल, अंघोळ, शेक झाला की त्या बाळ माझ्या हातात द्यायच्या. बांधायचे मी. दुपट्याची तिकोनी घडी, दोन्ही पाय जुळवून सरळ ओढायचे, गुडघे दाबायचे आणि आवळायचं. वैशाली झाली तेव्हा मी दहा वर्षांची होते, आईला असंच बांधताना बघितलं होतं. पोरीचे पाय बेडकासारखे फाकलेले राहू नयेत, एवढंच डोक्यात. आणि बांधलं की बाळ झोपायचंही छान.

सुगंधाबाईंनी मला दोनदा टोकलं होतं. "ताई, पाय मोकलं ठेवा. आमी नाय बांधत असं. आमची पोरं कडेवर वाढली, एकाचं पन पाय वाकडं नाय."

मी म्हणाले होते, "तुम्ही तुमचं मालिश बघा, बाई."

एक्स-रेच्या दिवशी घरी येताना रिक्षात वैशालीनं सोसायटीतल्या बायकांच्या ग्रुपवर लिहिलं, की मालिशवालीनं पाय बांधून आमच्या मुलीचा खुबा बिघडवला, कुणी तिला बोलावू नका. मी शेजारीच बसले होते. टाइप करताना दिसत होतं. मी रस्त्याकडे बघत राहिले.

जानेवारीत ऑपरेशन झालं. क्लोज्ड रिडक्शन, म्हणजे चिरफाड न करता, भूल देऊन गोळा बाहेरूनच खोबणीत बसवायचा. तो तिथं टिकावा म्हणून हिप स्पायका. हे छातीच्या खालपासून घोट्यापर्यंतचं प्लास्टर. सहा आठवडे, मग पुन्हा भूल देऊन नवं प्लास्टर, आणखी सहा आठवडे. मूल पहाटेपासून उपाशी ठेवतात आणि नंबर दुपारी लागतो. जुई पाण्यासाठी रडत होती आणि आम्ही दोघी आळीपाळीनं तिला घेऊन कॉरिडॉरच्या चकरा मारत होतो. त्या चार तासांचं दुसरं काही आठवत नाही.

बाहेर आणली तेव्हा तिचे पाय प्लास्टरमध्ये दोन्हीकडे फाकवलेले होते. अगदी बेडकासारखे. डॉक्टर म्हणाल्या, "खुबा बसायला हीच स्थिती चांगली."

ओलं प्लास्टर वाळायला दीड-दोन दिवस लागतात आणि तोवर ते अंगाला गार लागतं, हे आम्हाला ठाऊक नव्हतं. त्यात वॉर्डचा एसी. पोरीचे ओठ थरथरायचे. एकाही स्वेटरची बटणं प्लास्टरवर लागेनात. चादर ती हातानं उडवून लावायची.

वॉर्डातल्या सिस्टर मला म्हणाल्या, "मावशी, स्वेटरबिटर काही चढणार नाही आता तीन महिने. डोक्यातून घालायचं काहीतरी विणा. पोंचो. बाह्या नकोत, बटणं नकोत. विणता येतं ना?"

"क्रोशा येतो."

"मग नुसत्या बसून काय राहिलात?"

त्याच संध्याकाळी पनवेलच्या बाजारातून लोकर आणली.

ज्यांना कधी लागेल त्यांच्यासाठी लिहून ठेवते. लोकर केसाळ नको. तंतू सुटून प्लास्टरच्या आत जातात आणि मूल खाजवू शकत नाही, नुसतं रडतं. गळ्यापासून सुरुवात करायची. साखळ्यांचं कडं मुलाच्या डोक्यातून सैल जायला हवं. मग खांबांच्या, म्हणजे उभ्या टाक्यांच्या, ओळी, प्रत्येक ओळीत चार कोपऱ्यांवर खांब वाढवायचे, की खाली आपोआप पसरत जातं. पुढची लांबी बेंबीच्या वरच थांबवायची, नाहीतर डायपर बदलताना भिजतो. गोंडे लावू नयेत, तोंडात जातात.

माझा पहिला गळा जुईच्या कपाळावरच अडकला. वैशाली किती दिवसांनी हसली. "ताई, हा जुईला आहे की तिच्या बाहुलीला?" मी सगळा उसवला. दुसऱ्यांदा घातला तोही आवळच झाला. तिसऱ्यांदा मोठी सुई घेतली तेव्हा कुठे जमला.

घरी येऊन तीन आठवडे झाले असतील. मी वैशालीच्या हॉलमध्ये शेवटची ओळ विणत होते. बेल वाजली. दारात सुगंधाबाई.

वैशाली आत या म्हणाली नाही. "आता कशाला आलात?"

"पोरीला बगाला आले. ऐकलं मी."

त्या आपणच आत आल्या, पलंगापाशी खाली बसल्या आणि प्लास्टरवरून हात फिरवला. जुईनं त्यांच्या बांगड्या धरल्या.

"कवा कारतील हे?"

"एप्रिलमध्ये," वैशाली म्हणाली. आणि मग तिचा आवाज चढला. "तुम्हाला पाय बांधायला सांगितलं होतं कुणी हो? कुणी सांगितलं होतं?"

सुगंधाबाईंनी माझ्याकडे बघितलं. एका वाक्यात त्या मोकळ्या झाल्या असत्या. मीही वाट बघत होते, त्यांनीच बोलून टाकावं म्हणून. म्हणजे तेवढंही माझ्यावर पडणार नाही. इतकी मी भित्री.

त्या म्हणाल्या, "जाव दे. पोरगी बरी होव दे," आणि गुडघ्यावर हात ठेवून उठल्या.

मी म्हणाले, "थांबा. वैशू, यांनी नाही बांधले. मी बांधले. यांनी दोनदा नको म्हणून सांगितलं होतं."

वैशाली ओरडली नाही. ओरडली असती तर बरं झालं असतं.

"डॉक्टरांसमोर खोटं बोललीस?"

"हो."

"मी ग्रुपवर टाकलं, तेव्हा शेजारीच होतीस ना?"

"होते."

तिनं प्लास्टरसकट जुईला उचललं, आत नेलं आणि दार लावलं. सुगंधाबाई चपला घालता घालता म्हणाल्या, "तवाच सांगाला पायजे होतं, ताई. माजी तीन घरं गेली." मी माफी मागितली. त्यांनी मान हलवली. ती हो म्हणून की नाही म्हणून, मला कळलं नाही.

पुढचे एकोणीस दिवस वैशाली माझ्याशी बोलली नाही. मी रोज जात होते. दर दोन तासांनी मुलीची कूस बदलायची, प्लास्टरच्या कडा पुसायच्या, पालथी घालून भरवायचं. एकट्या बाईचं ते काम नव्हे. ती जुईमार्फत बोलायची. "मावशीला सांग, दूध गॅसवर आहे." जुईला धड दोन शब्द येत नव्हते. ग्रुपवर खरं काय ते मी लिहिलं. खाली कुणी काही लिहिलं नाही. सुगंधाबाईंना तीनपैकी एका घरानं परत बोलावलं. दोन घरांनी नाही. त्याचं मला पुढं काही करता आलं नाही.

प्लास्टर बदलायच्या वेळी मी डॉक्टरांनाही सांगितलं. त्या चष्मा काढून म्हणाल्या, "हे एकाच कारणानं होत नाही. पहिली मुलगी, पोटातली स्थिती, बरंच काही असतं. बांधलं नसतं तर झालं नसतं, असं मी म्हणू शकत नाही. बांधल्यानं नुकसान झालं नाही, असंही म्हणणार नाही. तेव्हा खरं सांगितलं असतंत तरी उपचार हाच केला असता. पण घरातलं पुढचं बाळ कोण बांधणार होतं, ते मला कळायला हवं होतं ना?"

घरी तान्हं बाळ असेल तर त्याचे पाय दुपट्यात सैल, वाकलेले राहू द्या. मांडीवरच्या वळ्या दोन्हीकडे सारख्या नसतील, एक पाय आखूड वाटला, तर दाखवून घ्या. आणि डॉक्टरांनी विचारलं तर आपलं नाव घ्या. मला ते जमलं नव्हतं.

एप्रिलमध्ये प्लास्टर निघालं. आतले पाय काटकीसारखे, सोललेल्या कातडीचे. मग काही महिने ब्रेस, म्हणजे पाय फाकवून धरणारा पट्टा. ती पुन्हा आधी रांगायला शिकली, मग उभी राहायला. गोळा आता खोबणीत आहे. वाढ पुरी होईपर्यंत दरवर्षी एक्स-रे काढावा लागेल.

गेल्या महिन्यात तपासणीला गेलो. वेटिंग रूममध्ये एसी जोरात, म्हणून वैशालीनं जुईच्या डोक्यातून पोंचो घातला होता. आता तो जेमतेम छातीपर्यंत येतो. जुई खुर्च्यांमधून पळत होती. समोर एक मुलगी, पंचविशीची असेल, मांडीवर प्लास्टरमधलं बाळ घेऊन बसली होती. डोळे रडून सुजलेले. तिनं वैशालीला विचारलं, "हे कुठं मिळालं हो?"

वैशालीनं माझ्याकडे बोट केलं. "ही माझी बहीण. हिनंच विणलाय. आणि पायही हिनंच बांधले होते. बसा हिच्याजवळ, दोन्ही विचारून घ्या."

तिचा आवाज ना रागाचा होता, ना मायेचा. पण दीड वर्षात ती मला परक्या माणसासमोर पहिल्यांदाच बहीण म्हणाली होती. मी बाकावर सरकून जागा केली आणि त्या मुलीला आधी पायांचं सांगितलं.